पातेल्यात उतरणारे यंत्र: हँड ब्लेंडर

स्वयंपाकघरातली बहुतेक विजेची यंत्रे एका अटीवर काम करतात: पदार्थ त्यांच्याकडे न्यावा लागतो. मिक्सरचे भांडे भरायचे, झाकण दाबून धरायचे, फिरवायचे, वाटलेले पुन्हा पातेल्यात ओतायचे आणि कडेला चिकटलेले बोटाने निपटून भांडे धुवायला टाकायचे. हँड ब्लेंडर ही अट उलटी करतो. नुकतेच आचेवरून उतरवलेले सार असो, ग्लासभर दही असो की खानावळीतला मोठा टोप असो, पदार्थ जागेवर राहतो आणि यंत्र त्याच्यापाशी जाते. या एका बदलातून किती गोष्टी साधल्या आहेत हे पाहिले, की या दोन वितींच्या यंत्राबद्दल मनापासून आदर वाटतो.

कल्पना म्हणून ती आपल्याला परकी नाही. रवी हेच तर करत आली. खांबाला अडकवून दोरीने फिरवायची मोठी रवी असो किंवा वरण घोटायला तळहातांत धरायची लहान रवी, ती भांड्यात उतरते आणि तिथल्या तिथे काम उरकते. फरक आहे तो गतीचा आणि धारेचा. रवी उलटसुलट फिरते, सेकंदाला फार तर चार-दोन फेरे घेते, आणि तिला पाते नसते. ब्लेंडर एकाच दिशेने, सेकंदाला दोनशेच्या आसपास फेरे घेतो आणि समोर येईल ते कापत जातो.

विजेवरच्या ब्लेंडरचा जन्म मात्र पेयांच्या दुकानासाठी झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्टीफन पॉप्लॉव्स्की यांनी १९२२ साली भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवले, ते माल्ट घातलेले दूध घुसळण्यासाठी. पुढे १९३० च्या दशकात वाद्यवृंदप्रमुख फ्रेड वेअरिंग यांच्या नावाने विकला गेलेला ब्लेंडर अमेरिकेत घरोघरी पोचला. या सगळ्या यंत्रांत मोटर खाली, भांडे वर. ही रचना डोक्यावर उभी करण्याचे श्रेय स्वित्झर्लंडच्या रोजे पेरिंजाके यांचे. ६ मार्च १९५० रोजी त्यांनी हातात धरून भांड्यात बुडवायच्या घुसळणीचे पेटंट नोंदवले: मोटर वर मुठीत, तिच्यापासून खाली उतरणारा दांडा आणि टोकाला पाते. ‘बामिक्स’ या नावाने १९५४ पासून ते बाजारात आले आणि आजही स्वित्झर्लंडच्या थुरगाउ प्रांतातल्या मेटलेन गावी त्याच नावाने तयार होते. सत्तर वर्षे उलटली, पण मूळ मांडणी तीच आहे.

या यंत्राचा खरा संसार मांडला तो स्पेनने. बार्सिलोनातल्या पिमेर कंपनीसाठी गॅब्रिएल ल्युएलेस या रचनाकाराने १९५९ साली ‘मिनिपिमेर’ घडवला. १९६२ मध्ये जर्मनीच्या ब्राउन कंपनीने पिमेर विकत घेतली, तरी नाव टिकले. स्पेनमध्ये आजही कोणत्याही कंपनीच्या हँड ब्लेंडरला लोक मिनिपिमेर म्हणतात. हे तिथेच का घडावे, याचे उत्तर तिथल्या जेवणात आहे. कोर्दोबा शहराचे ‘साल्मोरेहो’ घ्या. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र घुसळून केलेले हे गार, दाट सार. खलबत्त्यात ते करायला हात भरून येत. मिनिपिमेरने ते काही मिनिटांत होऊ लागले.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने, घरातला जर्मन मिक्सर वाटणापुढे जळाल्यावर, पत्नी माधुरी यांच्या स्वयंपाकासाठी दणकट मोटरचा मिक्सर बनवायला घेतला. त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला. सुके खोबरे, भिजलेली डाळ, हळकुंड, धणे यांपुढे टिकणारे यंत्र ही इथली गरज होती, आणि ती मिक्सरने भागवली. म्हणून ओट्यावरची मानाची जागा मिक्सरला मिळाली, ती योग्यच मिळाली. पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड राहिली: आपल्या रोजच्या जेवणातला निम्मा भाग पातळ आहे. वरण, आमटी, सार, कढी, ताक, आमरस. पातळ पदार्थ घोटण्याचे काम मिक्सरकडे सोपवणे म्हणजे भांडी आणि कष्ट दोन्ही वाढवणे.

आता त्या टोकाकडे जवळून पाहू. दांड्याच्या शेवटी उलट्या वाटीसारखे आवरण असते आणि त्याच्या कडेला खाचा किंवा भोके. आत दोन किंवा चार पंखांचे लहानसे पाते. ते फिरू लागले की मधला द्रव बाहेर फेकला जातो आणि खाचांतून जोराने निसटतो. मधे पोकळीसारखा कमी दाब तयार होतो, तो भरायला खालून आणि भोवतालून नवा द्रव आत ओढला जातो. भांड्यातले सगळे मिश्रण असे पुन्हा पुन्हा त्या वाटीतून जाते. चार सेंटिमीटर रुंदीचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने धावत असते, आणि त्याच्यापासून काही मिलिमीटरवर स्थिर आवरण असते. या अरुंद फटीत द्रवाचा एक थर सुसाट आणि शेजारचा जवळजवळ थांबलेला. त्या ओढाताणीत गुठळी फुटते, तंतू तुटतात, तेलाच्या थेंबाचे शंभर थेंब होतात. प्रयोगशाळांतली ‘अल्ट्रा-टुरॅक्स’सारखी मिश्रणयंत्रे, ज्यांनी औषधे आणि जैविक नमुने एकजीव केले जातात, तीही फिरते पाते आणि स्थिर आवरण याच तत्त्वावर चालतात. एवढे शास्त्र आपल्या खणात पडून असते.

या रचनेची कमाल पाहायची असेल तर बिनअंड्याचे मेयोनेज करून पाहावे. उंच, अरुंद भांडे घ्यावे. ब्लेंडरचे डोके जेमतेम मावेल इतके अरुंद. त्यात एक भाग दूध आणि दोन भाग तेल ओतावे. दूध खाली बसते, तेल वर तरंगते. ब्लेंडर बंद असतानाच तळाला टेकवावा, मग चालू करावा आणि दहा-पंधरा सेकंद जराही हलवू नये. खाचांतून पांढरे लोट वर चढताना दिसतात. पाते दुधात असते, आणि वरचे तेल त्या ओढीने थोडे थोडे करून खाली खेचले जाते. हाताने मेयोनेज करणाऱ्याला तेल थेंबाथेंबाने सोडत बसावे लागते. इथे ते काम द्रवाचा प्रवाहच करतो. तळ दाट झाला की ब्लेंडर सावकाश वर उचलावा. मीठ, मोहरीची पूड आणि शेवटी लिंबू घातले की चमच्याला धरून राहील असे मेयोनेज तयार होते. कच्चे अंडे नसल्याने त्यातून येणाऱ्या साल्मोनेला जंतूंची भीतीही नाही.

हे घडते कसे? तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, पण तेलाचे थेंब पुरेसे बारीक झाले आणि प्रत्येक थेंबाभोवती दुधातल्या प्रथिनांचे पातळ वेष्टन बसले, तर ते पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर तरंगण्याचा वेग चौथाईवर येतो, हा स्टोक्सचा नियम. म्हणून मिश्रण जितके बारीक, तितके ते टिकाऊ. त्या बारीकपणाचा अंदाज आकड्याने येतो. टेबलस्पूनभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेलाचे पाच मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो १८ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १९४ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. चमचाभर तेल त्या खोलीच्या जमिनीपेक्षा मोठा पृष्ठभाग मांडते, आणि तेही अर्ध्या मिनिटात.

रोजच्या स्वयंपाकात मात्र या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार म्हणजे गरम पदार्थ. गरम टोमॅटो किंवा भोपळा मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवणे धोक्याचे असते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागते. पाते फिरताच गरम द्रव उसळतो, आतली हवा एकदम तापून फुगते, आणि झाकण उडून उकळते सार हातावर येते. म्हणूनच सगळे निवण्याची वाट पाहायची, मग वाटायचे, मग पुन्हा तापवायचे. उघड्या पातेल्यात दाब साठायला जागाच नसते. टोमॅटोचे सार करताना टोमॅटो, आल्याचा तुकडा आणि चार दाणे मिरे पाण्यात शिजवावे, गॅस बंद करावा आणि उकळी बसली की ब्लेंडर पातेल्यात उतरवावा. पातेले दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलेले नसावे, आणि डोके पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबावे. आधी दाबले तर भिंती रंगतात. मिनिटाभरात लाल पाण्यात तरंगणारे तुकडे नाहीसे होतात आणि नारिंगी, सरसरीत सार दिसू लागते. हवा आणि बारीक झालेला गर मिसळल्याने रंग फिका होतो, तो बिघाड नव्हे. साल नको असेल तर गाळून घ्यावे. तुपाची जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी त्यानंतरच द्यावी, नाहीतर कढीपत्त्याचा चुरा होऊन साराला हिरवट कडूपणा येतो. दालचिनी, तमालपत्र घातले असेल तर आठवणीने काढून घ्यावे. पात्याला कडक काडी सोसत नाही.

कढीचेही असेच. दही, बेसन आणि पाणी आचेवर ठेवण्याआधी दहा सेकंद ब्लेंडरने फिरवले की बेसनाची एकही गुठळी राहत नाही, आणि बेसनातले पिष्ट दह्याच्या प्रथिनांभोवती नीट पसरल्याने कढी फुटण्याचे भयही कमी होते. पातळ पिठल्याच्या पिठाला, धिरड्याच्या पिठाला हाच उपाय. पालक शिजवला त्याच कढईत तो घोटता येतो, मात्र कढई नॉनस्टिक नसावी. आवरणाची धातूची कड तिचा थर खरवडते. आमरसाला ब्लेंडर उत्तम, पण आंबा पाहून. हापूसला रेषा कमी, त्यामुळे रस लगेच एकजीव होतो. पायरीच्या रेषा दांड्याच्या टोकाला गुंडाळल्या जातात; पायरीचा रस हाताने पिळून गाळलेलाच बरा.

वरणाबाबत थोडे सबुरीने घ्यावे लागते. कुकरमध्ये डाळ शिजते तेव्हा तिच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि पेशी सुट्या होतात. पळीने किंवा रवीने घोटले तर बहुतेक पेशी अखंड राहतात. ब्लेंडर त्या फोडतो, आतले पिष्ट बाहेर येते, आणि वरण दाट व एकसंध होते. वर पाणी, खाली डाळ असे होत नाही. पाच-सात सेकंद पुरेत. मिनिटभर फिरवले तर तेच वरण निवल्यावर चिकट होते. बटाट्याला तर ब्लेंडर लावूच नये. शिजलेल्या बटाट्यातले फुगलेले पिष्टकण फुटले की त्याची खळ होते, आणि ती कशानेही सुधारत नाही.

ताक छान होते, लोण्याबाबत मात्र रवीचा मान राखावा. लोणी निघते ते सायीतले स्निग्धकण एकमेकांवर आदळून, वेष्टने फुटून एकत्र चिकटल्याने. जोडणे हे रवीचे काम, तोडणे हा ब्लेंडरचा स्वभाव. ब्लेंडरनेच करायचे असेल तर वेग कमी ठेवावा, बर्फाचे पाणी घालावे, थांबून थांबून फिरवावे आणि कण दिसू लागताच हात आवरावा.

पुरण, ओले वाटण, चटणी, इडलीचे पीठ हीदेखील त्याची कामे नव्हेत. द्रव वाहिला तरच त्याची ओढ चालते. घट्ट गोळ्यात पाते जागच्या जागी पोकळी करून फिरत राहते आणि मोटर तापते. पुरणयंत्र आणि मिक्सर त्यासाठीच आहेत. ज्याला ही मर्यादा कळली त्याचा ब्लेंडर वर्षानुवर्षे टिकतो.

या यंत्राचा एक उपयोग स्वयंपाकाच्या पुस्तकांत क्वचित सापडतो, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. पक्षाघातानंतर, पार्किन्सनसारख्या आजारात किंवा घशाच्या उपचारांनंतर अनेकांना गिळणे कठीण होते. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णांसाठी अन्नाच्या पोताची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ‘इड्सी’ नावाची, शून्य ते सात अशा आठ पातळ्यांची. चौथी पातळी घोटलेल्या अन्नाची. तिची परीक्षा घरच्या काट्याचमच्याने घेता येते: काट्यावर घेतलेले अन्न दातांमधून सतत गळता कामा नये, आणि चमचा तिरका केला की ते आकार न मोडता एकदम खाली पडावे, चमच्याला चिकटून राहू नये. गुठळी एकही नको. कोणती पातळी द्यायची हे डॉक्टर आणि वाक्‌तज्ज्ञ ठरवतात; पण ती साधण्याचे काम घरच्यांचे असते आणि ते दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते. वाटीभर मऊ भात-वरण, वाटीभर भाजी. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात इतके थोडे अन्न पात्याखालीच राहते. ब्लेंडर वाटीत उतरतो. घरात सगळ्यांसाठी केलेली तीच भाजी, त्याच चवीची, आजोबांच्या वाटीत घोटून देता येते. आजारी माणसाला घरचेच जेवण मिळणे ही लहान गोष्ट नाही.

बाळांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना मऊ घोटलेले ठीक. पण बाळाला हळूहळू जाडसर, कुस्करलेले अन्न चावायला शिकायचे असते, आणि आठव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बाळे हाताने धरून मऊ तुकडे खाऊ लागतात. वर्षभर सगळे गुळगुळीत देत राहणे त्यांच्या शिकण्याच्या आड येते.

घराबाहेर या यंत्राचे मोठे भाऊ आहेत. फ्रान्सच्या रोबो-कूप आणि डायनॅमिक या कंपन्या उपाहारगृहांसाठी दोन-दोन फूट दांड्याचे, दोन्ही हातांनी पेलायचे ब्लेंडर बनवतात. शेकडो लिटरच्या टोपातले सूप त्याच टोपात घोटले जाते. घरी साबण करणारेही याच्यावर विसंबून असतात, कारण तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण हाताने ढवळत बसण्याऐवजी ब्लेंडरने काही मिनिटांत दाट होते (तो ब्लेंडर स्वयंपाकात पुन्हा वापरायचा नाही, हे सांगायला हवे). आणि कॅटालोनियातल्या रोसेस गावाजवळच्या ‘एल बुली’ या प्रख्यात उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी २००३ साली गाजराच्या रसात लेसिथिन घालून, हँड ब्लेंडर द्रवाच्या पृष्ठभागाशी तिरका धरून जो हलका फेस उचलला, त्याला त्यांनी ‘हवा’ असेच नाव दिले. डोके पूर्ण बुडवा असे आपण शिकतो. त्यांनी ते मुद्दाम अर्धवट वर ठेवले आणि त्यातून नवा पदार्थ निघाला.

विजेचा हिशेबही पाहावा. ३०० वॅटचा ब्लेंडर मिनिटभर चालला तर पाच वॅट-तास वीज लागते. म्हणजे असे दोनशे वेळा वापरले तर एक युनिट. शिवाय धुण्याला उरते ते एक डोके: ग्लासभर पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्यातच दहा सेकंद फिरवले की काम झाले.

मुठीतल्या मोटरबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती कार्बन ब्रशची, अतिशय वेगवान आणि हलकी मोटर असते. तिला बंद मुठीत थंड व्हायला फारशी वाट नसते. अनेक ब्लेंडरांवर ‘केबी १ मिनिट’ असे छापलेले असते. याचा अर्थ सलग एक मिनिट चालवून तिला विसावा द्यायचा. जळालेल्या मोटरींमागे बऱ्याचदा हेच एक कारण असते.

विकत घेताना दांडा स्टीलचा आणि सुटा होणारा आहे ना ते पाहावे, कारण प्लास्टिकचा दांडा गरम साराला फार दिवस पुरत नाही. वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. घरच्या कामाला २०० ते ४०० वॅट पुष्कळ झाले. मूठ हातात धरून पाहावी आणि बटण दाबून ठेवायला किती जोर लागतो ते तपासावे, विशेषतः घरात संधिवाताचे कुणी असेल तर.

शेवटी एक कळकळीची विनंती. पात्यात अडकलेला तुकडा बोटाने काढण्याच्या नादात अनेकांची बोटे कापली गेली आहेत, आणि अशा जखमांची नोंद हाताच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे. बटण मुठीतच असते, दुसरा हात पात्यापाशी असतो, आणि चुकून दाबले जायला क्षण पुरतो. म्हणून पात्याला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी प्लग भिंतीतून काढा, आणि घरात जे कोणी हे यंत्र वापरते त्या प्रत्येकाला हे शिकवा.